खिशातला कॅमेरा आणि मंडळाचे आठ हजार रुपये



मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून आपल्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या वस्तीतील महिला मंडळाने दरमहा वीस-वीस रुपये वर्गणी काढून आठ हजार रुपये शिल्लक टाकले. त्यातून विहारासाठी एक लहानसा, खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा घ्यावा असे बहुतेक भगिनींचे मत पडले. परंतु बैठकीत तरुण मुलांनी विरोध केला. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये कॅमेरा आहे, मग आठ हजार रुपये पाण्यात कशाला घालता, असे त्यांचे म्हणणे. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात की, मागच्या तीन जयंत्यांचे सगळे फोटो ज्या मुलाच्या मोबाईलमध्ये होते तो पुण्याला कामाला गेला, तिथे त्याने मोबाईल बदलला आणि फोटोही गेले. त्या फोटोंत मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. आता त्यांचा फोटो विहारात लावायचा म्हटले तर तो कोणाकडेच नाही.

कॅमेरा घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. वीस-वीस रुपयांनी जमलेल्या पैशाचा प्रश्न असल्यामुळे आजचे सदर त्यासाठीच देत आहे.

हौस की गरज?

कॅमेरा ही श्रीमंतांची हौस, असे आपल्याकडे पूर्वीपासून समजले जाते. त्यात चूक काही नव्हते. रोल विकत घ्या, ३६ फोटो जपून काढा, धुवायला टाका, मग कळणार की निम्मे हललेले आहेत. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. त्यांच्या हयातीत त्यांचा एकच फोटो निघाला, तो गिरणीच्या ओळखपत्रावरचा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तोच मोठा करून घेतला. उजव्या कानापासून गालापर्यंत गिरणीचा शिक्का उमटलेला होता. फोटोग्राफरने तो पुसून काढण्याचा प्रयत्न केला, तर कान गेला आणि शिक्का राहिला. आजही घरी तोच फोटो आहे. आईचा तरुणपणीचा तर एकही नाही.

आता दुसरे उदाहरण घ्या. राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला परमपूज्य बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पायाशी बसलेला कुत्रा टॉबी. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्या दिवशी कोणी कॅमेरा आणला नसता तर कुटुंबासह बसलेल्या रमाई आपल्या लेकरांना आपण कशा दाखवल्या असत्या? ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित करून ठेवली. त्या काळी हे काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नव्हते. म्हणून तो जनसागर आज आपल्याला डोळ्यांनी दिसतो.

तेव्हा विहाराच्या कामाची, वस्तीची, आपल्या वडीलधाऱ्या माणसांची छायाचित्रे असणे ही हौस नव्हे. तो आपला दप्तरखाना आहे. प्रश्न एवढाच की त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो काय?

मोबाईल पुरेसा नाही काय?

मुलांचे म्हणणे निम्मे खरे आहे, हे आधी मान्य करू. चांगल्यापैकी मोबाईलचा फोटो आणि स्वस्त कॅमेऱ्याचा फोटो शेजारी ठेवले तर बऱ्याच वेळा मोबाईलचाच उजवा ठरतो, विशेषतः संध्याकाळच्या अंधुक उजेडात. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चकती असते तिला सेन्सर म्हणतात. स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यात ती साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असते, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आजच्या अनेक मोबाईलांत ती एवढीच किंवा याहून मोठी असते. म्हणून केवळ 'फोटो चांगले येतील' या आशेने कोणी कुटुंबाने कर्ज काढून किंवा हप्त्यावर स्वस्त कॅमेरा घेऊ नये. घरात बऱ्यापैकी मोबाईल असेल तर त्यावरच फोटो काढावेत आणि वाचलेले पैसे ते छापून घेण्यासाठी वापरावेत.

मग वेगळा कॅमेरा कोणासाठी? माझ्या मते तीन ठिकाणी तो उपयोगी पडतो.

पहिले म्हणजे विहार, महिला मंडळ, वाचनालय अशा सामाईक कामासाठी. मोबाईल एका माणसाचा असतो. तो गावाला जातो, मोबाईल बदलतो, हरवतो, विकतो. त्याच्याबरोबर समाजाचे फोटो जातात. मंडळाचा कॅमेरा मंडळाच्या कपाटात असतो, त्याची नोंद वहीत असते, त्यातले कार्ड मंडळाचे असते. पत्रातील भगिनींचे दुःख नेमके हेच आहे.

दुसरे, ज्या माणसाला मोबाईल जमत नाही त्याच्यासाठी. आमच्या विहारातील साठी उलटलेल्या उपासिका कॅमेरा सहज हाताळतात. एक बटण दाबले की सुरू, दुसरे दाबले की फोटो. मध्येच कोणाचा फोन येत नाही. शाळकरी मुलाच्या हाती मोबाईल देण्याची ज्यांना धास्ती वाटते त्यांनाही हे सोयीचे आहे.

तिसरे, लांबून आणि गर्दीत फोटो काढायचे असतील तेव्हा. मंचावरील वक्ता, मिरवणुकीतील लेझीम, धम्मदेसना देणारे भन्ते. इथे खऱ्या झूमचे भिंग लागते. ते स्वस्त मोबाईलात नसते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनाला लागते. पुष्कळ मोबाईल चेहरा आपोआप गुळगुळीत आणि उजळ करतात. स्थळासाठी काढलेल्या फोटोत आपली सावळी लेक ओळखू येत नाही. हे नवे नाही. रंगीत फिल्मच्या काळात, १९५० च्या दशकापासून, कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले असे समजायचे. काळ्या-सावळ्या माणसाचे चेहरे नीट न येण्याला हेही एक कारण होते. यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता चेहरा आहे यावर यंत्राचे वागणे ठरते. मोबाईल असो वा कॅमेरा, त्यात 'ब्युटी' नावाची जी सोय असते ती आधी बंद करावी. आपला रंग जसा आहे तसाच पुढच्या पिढीला दिसू द्या.

मेगापिक्सेलचा हिशेब

दुकानदार सर्वांत आधी मेगापिक्सेल सांगतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आता हिशेब करा. छापील फोटो सुबक दिसण्यासाठी एका इंचात ३०० ठिपके पुरतात. नेहमीचा ४ बाय ६ इंची फोटो घेतला तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर. भिंतीवर लावायचा ८ बाय १२ इंची घेतला तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार. नऊ मेगापिक्सेलच्या आत काम झाले. म्हणून दहा-बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आपल्याला पुरून उरतो. १६ किंवा २० असले तर उत्तम, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मी बी.कॉम. झालेला कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतील चुका काढतो. तरीही या मेगापिक्सेलपायी मी स्वतः फसलो. मुलीच्या सहलीसाठी एका ऑनलाईन दुकानातून २,९९९ रुपयांत '४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम' असा कॅमेरा मागवला. आला तो खेळण्यासारखा हलका. त्यातील सेन्सर अगदी क्षुल्लक होता आणि ४८ चा आकडा यंत्राने ठिपके फुगवून काढलेला होता. झूम म्हणजे फोटोचा मधला भाग कापून मोठा करणे. फ्लॅशच्या जागी बॅटरीसारखा एक बारका दिवा. परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. मुलीची सहल नवव्या दिवशी होती, म्हणून खोके तोपर्यंत उघडलेच नव्हते. सहलीहून ती आली आणि एकही फोटो तिने दाखवला नाही. मीच समजलो.

तेव्हा वस्तू हातात पडली की त्याच दिवशी खोके उघडून तपासा. पक्के बिल घ्या. बिल असेल आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा हक्कही दिला आहे.

मग काय पाहावे?

भिंग. भिंगाजवळ 'ऑप्टिकल' झूम किती पट ते पाहा. पाच पट असला तरी पुष्कळ झाला. 'डिजिटल' झूमचा आकडा कितीही मोठा असला तरी तो शून्य धरावा. सुरू करताना भिंगाची नळी बाहेर येते काय, हेही पाहा. स्वस्त खेळण्यात ती बहुधा जागची हलत नाही.

भिंगाची रुंदी. हे कोणी सांगत नाही, पण आपल्या घरांना याची फार गरज आहे. माहितीपत्रकात २५, २८ किंवा ३५ मिलिमीटर असा आकडा असतो. तो जितका लहान तितके जास्त रुंद दृश्य मावते. दहा फुटांवर उभे राहिलो तर ३५ च्या भिंगात सुमारे दहा फूट रुंदी मावते, २८ च्या भिंगात बारा फुटांच्या वर. दहा बाय बाराच्या खोलीत नामकरणाच्या दिवशी पाठ भिंतीला टेकली की मागे सरकायला जागा नसते. ३५ च्या भिंगाने कडेच्या आत्याबाई कापल्या जातात. म्हणून २८ किंवा त्याहून कमी आकडा असलेलाच कॅमेरा घ्यावा.

फ्लॅश. खरा फ्लॅश डोळ्याची पापणी लवायच्या आत चमकून जातो, त्यामुळे हललेले माणूसही स्थिर येते. साधा दिवा लागून राहत असेल तर तो फ्लॅश नव्हे. मात्र या लहान फ्लॅशचा पल्ला दहा-बारा फुटांचाच असतो. तिसऱ्या रांगेतून मंचाकडे फ्लॅश मारला तर पुढच्या माणसांची डोकी पांढरी होतात आणि वक्ता काळोखात राहतो.

सेल. काही कॅमेऱ्यांना स्वतःची खास बॅटरी लागते, काही भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलवर चालतात. खास बॅटरीचे कॅमेरे बारीक आणि हलके असतात, पण जुन्या मॉडेलची बॅटरी पुढे मिळेलच असे नाही. गावाकडे पेन्सिल सेलवाला बरा. मात्र घड्याळातला साधा स्वस्त सेल त्यात दहा-वीस फोटोंत मान टाकतो. पुन्हा चार्ज होणारे चार सेल आणि चार्जर घ्यावा, दोन कॅमेऱ्यात, दोन पिशवीत.

कार्ड. एसडी कार्ड चालणाराच कॅमेरा घ्यावा. ऑलिम्पस व फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचे कार्ड लागे, ते बनणे बंद झाले आहे. सोनीच्या २०१० पूर्वीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, तीही आता शोधत फिरावे लागते. १६ जीबीचे एक कार्ड घेतले तर १६ मेगापिक्सेलचे अडीच हजारांच्या आसपास फोटो मावतात. फार मोठे कार्ड जुन्या कॅमेऱ्याला वाचताही येत नाही.

नवा की जुना?

जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२१ साली खिशातले लहान कॅमेरे जेमतेम ३० लाख उरले. मोबाईलने हा धंदा बसवला. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेले एकामागून एक बंद केली. अलीकडे शहरातील तरुण मुलांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचे वेड लागले, त्यामुळे जुन्याचे भावही वर गेले आहेत.

नव्यांत कमी किमतीचे म्हणून कोडॅक नावाने एफझेड ४५ आणि एफझेड ५५ ही दोन मॉडेले येतात. दोन्ही १६ मेगापिक्सेलची. पहिले पेन्सिल सेलवर चालते आणि झूम चार पट आहे, दुसऱ्याला स्वतःची बॅटरी लागते आणि झूम पाच पट आहे. कोडॅकचे नाव वापरण्याचा परवाना घेतलेली जेके इमेजिंग ही दुसरीच कंपनी ते बनवते, हे माहीत असावे. नवे घेतल्याचा फायदा म्हणजे हमीपत्र. पण आठ हजारांत कार्ड, सेल, छपाई सगळे बसवायचे तर जुन्याकडेच वळावे लागते.

जुन्यांत कॅननचे पॉवरशॉट ए ८१० व ए १४००, निकॉनचे कूलपिक्स ए १० ही पेन्सिल सेलवर चालणारी, तर सोनीचे डब्ल्यू ८३० आणि कॅननचे इक्सस १८५ ही खास बॅटरीची. या सर्वांना एसडी कार्ड चालते, भिंग २८ किंवा त्याहून रुंद आहे आणि खरा झूम पाच ते आठ पट आहे.

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या विहाराचा कॅमेरा आम्ही तिथूनच घेतला. जिल्ह्याच्या ठिकाणी जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करावी. पुष्कळांच्या कपाटात असे कॅमेरे पडून आहेत. जुना कॅमेरा घेताना ही तपासणी दुकानातच, उभ्या उभ्या करावी.

कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. भिंगाची नळी अडखळली किंवा किरकिरली तर ठेवून द्या. नळी बिघडली तर दुरुस्तीला कॅमेऱ्याच्या किमतीएवढे पैसे जातात. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळपट डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी आहे. आपल्या दमट हवेत बुरशी फार लागते. फ्लॅश मारून पाहा. सेलच्या कप्प्याचे झाकण नीट बसते काय आणि आतल्या पत्र्यावर हिरवट गंज आहे काय ते पाहा. स्वतःचे कार्ड सोबत न्या, त्यात काढलेले फोटो बाहेरच्या संगणकावर पाहा. कॅमेऱ्याच्या तळाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चोरीचा माल विहारात नको.

पांढऱ्या साड्या आणि सावळे चेहरे

आपल्या कार्यक्रमांत एक अडचण हमखास येते. बुद्ध पौर्णिमेला सगळ्या उपासिका पांढऱ्या साड्यांत बसतात. फोटोत साड्या मळकट आणि चेहरे काळेठिक्कर येतात. दोष आपल्या चेहऱ्यांचा नाही. समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे कॅमेरा धरून चालतो. पांढरे फार दिसले की त्याला वाटते उजेड जास्त झाला, म्हणून तो फोटो अंधारा करतो. त्यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात अधिक-उणे अशी खूण असलेली सोय असते. ती अधिक एकच्या आसपास नेऊन ठेवावी. साड्या पांढऱ्या येतात, चेहरे खुलतात. कार्यक्रम संपला की पुन्हा शून्यावर आणावी.

बुद्धमूर्तीमागे दिव्यांची माळ किंवा प्रभावळ असेल तर मूर्तीपुढील माणसे अंधारात जातात. जवळून फोटो काढताना अशा वेळी फ्लॅश जबरीने सुरू करावा. उलट, काचेच्या फ्रेममधील बाबासाहेबांच्या तसबिरीचा फोटो काढताना फ्लॅश बंद करावा आणि थोडे तिरके उभे राहावे, नाहीतर काचेवर पांढरा गोळा उमटतो.

वंदना आणि ध्यान चालू असताना फ्लॅश मारू नये. भन्तेंची परवानगी घ्यावी. कोणा भगिनीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नये आणि काढला तर दुसऱ्याला देऊ नये. मंडळाने असा ठराव वहीत लिहूनच ठेवावा.

आणि एक मोठे काम या लहान कॅमेऱ्याने होते. वस्तीतील जुने फोटो घरोघर जाऊन उतरवून घेणे. फोटो फ्रेममधून काढून दाराजवळच्या सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश बंद, फुलाची खूण असलेली सोय सुरू करावी आणि बरोबर वरून फोटो घ्यावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन आलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत. त्यांची ओळखपत्रे, लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, मुले एका रविवारी दहा घरांतून उतरवून आणतील.

जमाखर्च

आमच्या विहाराचा खर्च असा झाला. जुना कॅमेरा ५,२०० रुपये. चार्ज होणारे चार सेल व चार्जर ९५०. कार्ड ३५०. पिशवी १५०. संगणकाला कार्ड जोडण्याचा रीडर १५०. एकूण ६,८०० रुपये. या हिशेबाने भगिनींच्या मंडळाचे १,२०० रुपये उरतात. आमच्याकडे ४ बाय ६ ची एक प्रत दहा रुपयांत छापून मिळते, त्या दराने १२० फोटो. हे बाराशे रुपये आधी बाजूला काढून ठेवावेत आणि मग कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी. उलटे केले तर छपाईला पैसे कधीच उरत नाहीत.

कारण नुसता कॅमेरा घेतल्याने फोटो जपले जात नाहीत. कार्डसुद्धा एके दिवशी खराब होते. प्रत्येक कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत फोटो दोन ठिकाणी उतरवावेत, एक प्रत वाचनालयाच्या संगणकात आणि एक पेन ड्राईव्हवर, तोही दुसऱ्या घरी. निवडक पाच-सहा फोटो छापून अल्बमला लावावेत. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, दाब न देता, तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहावे. शाईने लिहिले तर ती पुढे उमटते.

नावांबाबत आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आमच्या अल्बममध्ये पुरुषांची पूर्ण नावे होती आणि स्त्रियांपुढे 'अमुकची आई', 'तमुकची सूनबाई' असे लिहिले होते. लिहिणारा मीच होतो. एका आजींनी अल्बम पाहिला आणि विचारले, "बाळा, फोटू माझा, अन् नाव लेकाचं का?" त्या दिवशी अल्बम पुन्हा लिहायला घेतला. त्यात असे आढळले की तीन आजींचे नाव त्यांच्या घरातल्या नातवंडांनासुद्धा माहीत नव्हते. दोघींना आम्ही विचारून घेतले. तिसऱ्या तोवर गेल्या होत्या. त्यांचे नाव शेवटी रेशनकार्डावर सापडले.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे सांगणे असे. मंडळाने कॅमेरा अवश्य घ्यावा, जुनाच घ्यावा, पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. विरोध करणाऱ्या मुलांवर रागावू नये. त्यांना मोबाईलची चांगली जाण आहे, तपासणीसाठी त्यांनाच सोबत दुकानात न्यावे आणि फोटो उतरवून ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्यातील दोघांवर सोपवावी. कॅमेरा मात्र मंडळाच्या कपाटात राहावा आणि कोण कधी घेऊन गेले, कधी परत आणला, याची नोंद वहीत असावी.

आणि तुमच्या पहिल्या अध्यक्षा ताईंचा फोटो अजून सापडू शकतो. बँकेच्या पासबुकावर, मतदार ओळखपत्रावर, आधारवर, बचत गटाच्या अर्जावर, नात्यातील कोणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये, जयंतीला आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या मोबाईलमध्ये. शोधा. शिक्का पडलेला असला तरी चालेल. कॅमेरा आला की पहिला फोटो त्याचाच उतरवून घ्या आणि खाली त्यांचे पूर्ण नाव लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!